काजळ, डिंक आणि नॅनोनलिका

तेलाच्या दिव्याच्या ज्योतीवर बशी पालथी धरली की थोड्याच वेळात तिच्यावर काजळी धरते. ती खरवडून तिचे दोन भाग करावेत. एक भाग परीक्षानळीतल्या साध्या पाण्यात टाकावा. दुसरा भाग बाभळीच्या डिंकाच्या घट्टसर पाण्याबरोबर खलात घेऊन चांगला अर्धा तास घोटावा आणि मग पाण्यात मिसळावा. पहिल्या नळीत काजळी वरच तरंगते. नळी कितीही हलवली तरी ती पाण्यापासून फटकून राहते. दुसऱ्या नळीतले पाणी मात्र एकसारखे काळे होते आणि दुसऱ्या दिवशीही काळेच असते. जुन्या पोथ्या ज्या काळ्या शाईने लिहिल्या गेल्या ती साधारण अशीच तयार करीत.

‘काजळी डिंकाच्या पाण्यात विरघळली’, असे मुले यावर म्हणतात. वर्गात हे वाक्य आले की तेथेच थोडे थांबावे असे आम्हांला वाटते. त्या काळ्या पाण्याचा एक थेंब भरपूर पाण्यात पातळ करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर बारीक काळे कण सतत थरथरत, इकडेतिकडे सरकत असलेले दिसतात. मिठाच्या पाण्यात असे काही दिसत नाही. म्हणजे काजळी विरघळलेली नाही. डिंकाने तिचे कण एकमेकांना चिकटू दिलेले नाहीत, इतकेच. अशा मिश्रणाला आपण कलिल म्हणतो.

विरघळले की नुसते पसरले, हा प्रश्न शाळेतला वाटतो खरा. पण कार्बनच्याच एका नव्या रूपाच्या बाबतीत गेली पंचवीस-सत्तावीस वर्षे रसायनशास्त्रज्ञ याच प्रश्नाशी झगडत आले आहेत. ते रूप म्हणजे कार्बन नॅनोनलिका.

जाळीची सुरळी

हिरा, ग्राफाइट, लोणारी कोळसा यांपैकी काहीही पाण्यात, अल्कोहोलात किंवा बेन्झीनमध्ये विरघळत नाही. (वितळलेल्या लोखंडात कार्बन विरघळतो आणि सगळा पोलाद उद्योग त्यावरच उभा आहे, पण ते द्रावक परीक्षानळीत घेण्यासारखे नव्हे!) या नियमाला पहिला ठळक अपवाद १९८५ साली सापडला. क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांनी साठ कार्बन अणूंचा फुटबॉलच्या आकाराचा रेणू ओळखला. १९९० साली क्रेट्शमर आणि हफमन यांनी तो चिमूटभर हाती येईल इतक्या प्रमाणात बनवण्याची रीत काढली. टोल्युइनमध्ये टाकल्यावर हा रेणू विरघळला आणि सुंदर जांभळे द्रावण मिळाले. कार्बनचे हे रूप खऱ्या अर्थाने विरघळत होते, आणि म्हणूनच त्याचे रसायनशास्त्र झपाट्याने वाढले. जे विरघळते ते गाळता येते, शुद्ध करता येते, मोजून दुसऱ्या पदार्थाबरोबर मिसळता येते.

१९९१ साली जपानमधील त्सुकुबा येथे एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत सुमिओ इजिमा यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कार्बनच्या एकात एक बसलेल्या नळ्या दिसल्या. (पोकळ कार्बनतंतूंची छायाचित्रे दोन सोव्हिएत संशोधकांनी १९५२ सालीच प्रसिद्ध केली होती, पण तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते.) १९९३ साली इजिमांच्या आणि अमेरिकेतील आयबीएमच्या गटाने, एकाच वेळी पण स्वतंत्रपणे, एकाच पदराच्या नळ्या मिळवल्या.

कोंबड्यांच्या खुराड्याला षट्कोनी छिद्रांची तारेची जाळी लावतात. तिचा तुकडा घेऊन त्याची सुरळी केली आणि कडा नीट जुळवल्या की एकपदरी नॅनोनलिकेचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. जाळीच्या प्रत्येक गाठीवर एक कार्बन अणू असतो. सुरळीचा व्यास सव्वा-दीड नॅनोमीटर, लांबी मात्र त्याच्या शेकडो-हजारो पट. प्रत्येक अणू तीन शेजाऱ्यांना घट्ट बांधलेला असतो. त्याचा चौथा इलेक्ट्रॉन कोणा एका शेजाऱ्याचा न राहता साऱ्या जाळीवर पसरलेला असतो. नलिकेतून वीज वाहते ती या सामायिक इलेक्ट्रॉनांमुळे. जाळी कोणत्या दिशेने गुंडाळली आहे त्यावर नलिका धातूसारखी वागणार की अर्धवाहकासारखी, हे ठरते. सर्व दिशा सारख्याच प्रमाणात आल्या तर साधारण एक तृतीयांश नलिका धातूसारख्या आणि दोन तृतीयांश अर्धवाहक निघतात. त्या एकमेकींत मिसळलेल्याच तयार होतात.

चौथा इलेक्ट्रॉन सामायिक असतो, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढच्या साऱ्या अडचणी तिच्यापाशीच येऊन थांबतात.

सुटता न सुटणारी मोळी

भट्टीतून नॅनोनलिका बाहेर पडतात त्या काळ्या जळमटासारख्या. त्यांत साधी काजळी असते आणि उत्प्रेरक म्हणून वापरलेले लोखंड, कोबाल्ट किंवा निकेलचे कण असतात. शिवाय नलिका सुट्या नसतात. १९९६ साली स्मॉली यांच्या राइस विद्यापीठातील गटाने दाखवले की शंभर ते पाचशे नलिका लाकडांच्या मोळीसारख्या एकमेकींना लगटून दोर बनवतात. दोराच्या आतल्या प्रत्येक नलिकेला सहा शेजारणी असतात.

नलिकांना एकत्र धरणारे बल तसे दुबळे, वॅन डर वाल्स बल. शेजारच्या दोन अणूंपुरते पाहिले तर ते नगण्यच. पण नलिका सरळ आणि गुळगुळीत असल्यामुळे दोघी जवळ आल्या की सबंध लांबीभर एकमेकींना टेकतात. हे आकर्षण लांबीच्या दर मायक्रोमीटरला सुमारे ५०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतके भरते. दोन कार्बन अणूंमधला साधा एकेरी बंध तोडायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणजे एक मायक्रोमीटर लांबीच्या दोन नलिका वेगळ्या करणे हे जवळजवळ १४० रासायनिक बंध तोडण्याइतके महाग आहे. आणि खोलीच्या तापमानाला रेणूंची जी नैसर्गिक धडपड चालू असते तिची ऊर्जा आहे फक्त ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

साखर विरघळते तेव्हा पाण्याचे रेणू तिच्या रेणूंना एकेक करून उचलून नेतात. खडा सुटा झाला की साखरेच्या अब्जावधी रेणूंना वाटेल तेथे हिंडण्याची मोकळीक मिळते आणि या मोकळिकीचा विरघळण्याला मोठा हातभार लागतो. नलिकेच्या बाबतीत ही मदतही मिळत नाही. एक मायक्रोमीटर लांबीच्या नलिकेत सुमारे १ लाख ६० हजार अणू असतात, पण ते सगळे एकाच ताठ काठीत अडकलेले. एवढे सारे बल तोडून मोकळे कोण झाले, तर एक काठी! पाणी तर येथे अगदीच परके. पाण्याच्या रेणूंना एकमेकांशी हायड्रोजन बंध हवे असतात. गुळगुळीत कार्बनच्या पृष्ठभागापाशी ते मिळत नाहीत. म्हणून पाणी नलिकांना दूर लोटते आणि त्या एकमेकींना आणखीच बिलगतात.

आम्लाची कात्री

नलिका सहजी विरघळत नाहीत, तर त्यांना विरघळणारी शेपटी जोडावी, हा विचार ओघानेच आला. पण शेपटी बांधायची कशाला? जाळीवरचा प्रत्येक अणू आपल्या शेजाऱ्यांत संतुष्ट असतो. त्यातल्या त्यात सपाट ग्राफाइटपेक्षा वाकवलेली जाळी थोडी अस्वस्थ असते, कारण प्रत्येक अणूला थोडे बाहेर झुकावे लागते. साठ अणूंच्या चेंडूत हा झुकाव ११.६ अंश असतो. त्याच जाडीच्या नलिकेच्या भिंतीवर तो फक्त ६ अंशांच्या आसपास असतो. नलिकेची टोके चेंडूच्या अर्ध्या टोपीने बंद झालेली असतात. साहजिकच हल्ला आधी टोकांवर आणि जेथे जाळी मुळातच सदोष आहे तेथे होतो.

राइस विद्यापीठाच्या गटाने १९९८ साली तीन भाग संहत सल्फ्युरिक आम्ल आणि एक भाग संहत नायट्रिक आम्ल यांच्या मिश्रणात नलिका टाकून त्यांना श्राव्यातीत ध्वनीने हलवले. लांब दोर तुटून शंभर ते तीनशे नॅनोमीटरचे तुकडे पडले. तुकड्यांच्या उघड्या टोकांवर ऑक्सिजन येऊन बसला आणि त्याचे कार्बॉक्झिल गट झाले. हा आपल्या परिचयाचाच गट; व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लात तोच असतो. म्हणजे नॅनोनलिका आता एक प्रचंड मोठे कार्बॉक्झिलिक आम्ल झाली! कार्बॉक्झिलिक आम्लाशी काय काय करता येते हे तर रसायनशास्त्राला शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे.

त्याच वर्षी अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात रॉबर्ट हॅडन यांच्या गटाने हे ज्ञान वापरले. आधी थायोनिल क्लोराइडने कार्बॉक्झिलमधल्या हायड्रॉक्सिलच्या जागी क्लोरीन बसवला. क्लोरीन सहज निघून जातो, त्यामुळे ती जागा जोडणीसाठी तयार झाली. मग तीत ऑक्टाडेसिलअमाइन घालून मिश्रण चार दिवस तापवत ठेवले. या अमाइनमध्ये अठरा कार्बनची लांब साखळी असते. मेणबत्तीत वापरल्या जाणाऱ्या स्टिअरिक आम्लातही अठराच कार्बन असतात. अमाइनचा नायट्रोजन नलिकेवरच्या कार्बनशी जोडला गेला. प्रथिनांत अमिनो आम्ले एकमेकांना ज्या बंधाने जोडलेली असतात तोच हा अमाइड बंध. अशी लांब, मेणचट शेपटी लावलेल्या नलिका क्लोरोफॉर्म, बेन्झीन, टोल्युइन, कार्बन डायसल्फाइड अशा द्रावकांत उतरल्या. एकपदरी नॅनोनलिकांचे द्रावण म्हणून प्रसिद्ध झालेले हे पहिले महत्त्वाचे काम होय.

शेपटी मेणाच्या जातीची असल्यामुळे हे द्रावण सेंद्रिय द्रावकात झाले, पाण्यात नव्हे. पाण्यात हवे असेल तर शेपटीही पाण्याची आवड असणारी हवी. त्याप्रमाणे २००२ साली नलिकांना ग्लुकोसामाइन ही शर्करेच्या कुळातली शेपटी लावून त्या पाण्यात उतरवल्या गेल्या. दरम्यान हॅडन यांच्या गटाला असेही आढळले की थायोनिल क्लोराइड गाळले तरी चालते. कार्बॉक्झिल हे आम्ल आणि अमाइन ही आम्लारि. दोघांची गाठ पडली की क्षार तयार होतो, आणि तो क्षारही विरघळतो. नववीतला उदासिनीकरणाचा धडा येथे कामी आला.

हिशेब जुळत नाही

येथे थोडे थांबून एक साधा हिशेब करू. सव्वा-दीड नॅनोमीटर जाडीच्या नलिकेच्या कापलेल्या टोकाच्या कडेवर फार तर वीसेक अणू असतात. दोन्ही टोके मिळून चाळीस. दोनशे नॅनोमीटर लांबीच्या तुकड्यात एकूण अणू असतात ३२ हजारांच्या वर. चाळीस शेपट्या एवढ्या मोठ्या काठीला द्रावकात ओढून नेतील, हे काही मनाला पटत नाही.

मग शेपट्या होत्या कोठे? हॅडन यांच्या गटाने २००१ साली शाळेत आपण करतो तशाच अनुमापनाने नलिकांच्या नमुन्यातले आम्लगट मोजले. शंभर कार्बन अणूंमागे ते एक ते तीन निघाले, म्हणजे टोकांवर मावतील त्यापेक्षा कितीतरी जास्त. यावरून आम्लाने भिंतीवरच्या दोषस्थानीही गट बसवले असावेत असा निष्कर्ष बरीच वर्षे काढला जात होता, आणि तो चुकीचाही नव्हता. पण २००७ साली निरनिराळ्या गटांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. आम्लात उकळलेल्या नलिका त्यांनी सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने धुतल्या. धुवणाचे पाणी तपकिरी निघाले. त्यात कार्बॉक्झिल गट लागलेले जाळीचे बारीक बारीक तुकडे होते. आम्लाने भिंती कुरतडताना हा चुरा पडला होता आणि नलिकांनाच चिकटून बसला होता. मोजणीत आलेल्या आम्लगटांपैकी मोठा वाटा या चुऱ्याचा होता. नलिकांना पाण्यात तरंगत ठेवण्याचे कामही बऱ्याच अंशी हा चुराच, साबणासारखा, करत होता.

या घटनेचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतो. आम्हांला ती फार महत्त्वाची वाटते. नलिकेवर रासायनिक क्रिया झाली असे गृहीत धरून जगभर शेकडो प्रयोग झाले, आणि सोड्याच्या पाण्याने नीट धुऊन पाहण्याचे बरेच दिवस कोणाला सुचले नाही.

विरघळण्याची किंमत

भिंतीवर शेपटी बसते तेव्हा त्या अणूचे काय होते, हे आता पाहू. नवा बंध करायचा तर अणूने आपला चौथा, सामायिक इलेक्ट्रॉन त्यासाठी खर्च केला पाहिजे. तो खर्च झाला की जाळीच्या सामायिक इलेक्ट्रॉनांच्या रस्त्यात तेवढा खड्डा पडला. थोडे खड्डे चालतात. जास्त झाले की वीज वाहणे मंदावते आणि शेवटी थांबते. ज्या गुणासाठी नलिका हवी होती तोच गुण ती विरघळवताना हातचा जातो.

याचे टोकाचे उदाहरण फ्लोरिनचे. राइसच्याच मार्ग्रेव्ह आणि स्मॉली यांच्या गटांनी १९९८ साली तापलेल्या नलिकांवरून फ्लोरिन वायू नेला. दर दोन कार्बनमागे एक फ्लोरिन अणू बसेपर्यंत नलिका शाबूत राहते. त्यापुढे गेले तर ती उलगडून मोडते. अशा नलिका अल्कोहोलात छान उतरतात. पण त्यांचा विद्युतरोध लाखो पटींनी वाढलेला असतो. धातूची तार होती ती जवळजवळ अवरोधक होते. हायड्रॅझिन घातले की फ्लोरिन निघून जातो आणि वीज वाहण्याचा गुण बराचसा परत येतो. अगदी पहिल्यासारखी नलिका मात्र होत नाही.

भिंतीचे किती नुकसान झाले हे पाहायचे साधन आपल्या देशात लागलेल्या शोधातून आलेले आहे. रामन वर्णपटात निर्दोष नलिकेची ठळक रेषा दर सेंटिमीटरला १५९०च्या आसपास येते. जाळीत दोष असले की १३५०च्या आसपास दुसरी रेषा उगवते. दोन रेषांच्या उंचीचे गुणोत्तर काढले की भिंत किती खराब झाली याचा अंदाज लागतो. फेब्रुवारीच्या २८ तारखेला विज्ञान दिन साजरा करताना हे उदाहरण जरूर सांगावे.

नुकसानीचाही कधीकधी उपयोग करून घेता येतो. डायझोनियम क्षार (रंग बनवण्याच्या कारखान्यांत ते नेहमीचेच) नलिकेकडून इलेक्ट्रॉन घेऊन तिच्याशी बंध करतात. धातूसारख्या नलिका इलेक्ट्रॉन सहज देऊ शकतात, अर्धवाहक तितक्या सहज देत नाहीत. मायकेल स्ट्रॅनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवले की क्षार मोजून घातला तर आधी जवळजवळ सगळ्या धातूसारख्या नलिकाच प्रतिक्रियेत सापडतात. एकमेकींत गुंतलेल्या दोन जाती ओळखण्याचा मार्ग त्यामुळे मिळाला. पुढे तापवले की बसलेले गट झडतात.

पुन्हा डिंकाकडे

बंध न करता काम भागेल का? साबणाचे उदाहरण समोर होतेच. साबणाच्या रेणूची तेलकट शेपटी नलिकेला टेकते आणि पाणी आवडणारे डोके बाहेर राहते. राइसच्या गटाने २००२ साली नलिका साबणासारख्याच एका अपमार्जकाच्या पाण्यात घालून श्राव्यातीत ध्वनीने जोरात हलवल्या आणि मग मिश्रण अपकेंद्री यंत्रात गुरुत्वाच्या १ लाख २२ हजार पट बलाने चार तास फिरवले. जाड दोर तळाशी बसले. वर राहिल्या त्या अपमार्जकाने वेढलेल्या सुट्या नलिका. या सुट्या नलिका प्रकाश टाकल्यावर अवरक्त भागात स्वतः चमकू लागल्या! दोरात असताना शेजारच्या धातूसारख्या नलिका ही चमक गिळून टाकत. म्हणून ती तोवर कोणाला दिसली नव्हती.

याच काळात निरनिराळे लांब रेणू नलिकेभोवती गुंडाळून पाहिले गेले. ड्यूपाँ कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली डीएनएचा एकेरी धागा गुंडाळला. आम्हांला त्यातला सर्वांत आवडलेला प्रयोग स्टार्चचा आहे. आयोडीनने स्टार्च निळा होतो हे प्रत्येक शाळेत दाखवले जाते. तो निळा होतो कारण स्टार्चची साखळी मळसूत्रासारखी वळते आणि तिच्या पोकळीत आयोडीन जाऊन बसतो. फ्रेझर स्टॉडार्ट यांच्या गटाने २००२ साली असा विचार केला, की आयोडीनने स्टार्चचे मळसूत्र आधीच वळून ठेवले तर त्यात नलिका शिरेल का? ती शिरली, आणि पाण्यात उतरली. पुढे त्यांनी त्या पाण्यात स्टार्च तोडणारे विकर घातले. स्टार्चचे तुकडे झाले, वेष्टन सुटले आणि नलिका खाली बसल्या. भात चावताना लाळेतले विकर स्टार्चवर जे काम करते त्याच जातीचे हे काम.

आणि डिंक? इस्राएलमधील बेन-गुरियन विद्यापीठात २००२ साली राजदीप बंद्योपाध्याय (पुढे ते पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॅनोनलिका गम अरेबिकच्या पाण्यात घातल्या. हा बाभळीच्याच जवळच्या नात्यातल्या झाडाचा डिंक. नलिका सुट्या झाल्या आणि पाण्यात टिकून राहिल्या. मिश्रण वाळवले तर पूड मिळाली, आणि ती पुन्हा पाण्यात घातली तर परत पसरली. दौतीतली वाळलेली शाई पाणी घालून पुन्हा वापरता येते, तसेच हे झाले. पोथी लिहिणाऱ्याला हे पाहून मुळीच नवल वाटले नसते.

या सर्व रीतींत नलिकेची भिंत शाबूत राहते. मात्र येथेही काही द्यावे लागते. वेष्टन वीज वाहत नाही. अशा नलिकांची पातळ पटले बनवली तर एका नलिकेपासून दुसरीकडे वीज जाताना मध्ये डिंक किंवा साबण आडवा येतो, आणि तो पुरता धुऊन काढणे अवघड असते. शिवाय पाण्यात पसरण्यासाठी आधी दोर सोडवावे लागतात. श्राव्यातीत ध्वनीच्या माऱ्याने दोर सुटतात, पण त्याबरोबर नलिकाही तुटून आखूड होतात.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. हे खरे द्रावण आहे का? नाही. दोर स्वतःहून सुटले नाहीत, आपण ते जबरदस्तीने सोडवले आणि पुन्हा जुळू नयेत म्हणून मध्ये अडथळा घातला. डिंकाच्या पाण्यातल्या काजळीसारखेच हे कलिल आहे.

नलिका विरघळते ती कशात?

खऱ्या द्रावणासाठी संशोधकांना आम्लाकडेच परत जावे लागले. पण ते आम्ल वेगळे होते. नायट्रिक आम्ल ऑक्सिजन देते, म्हणजे जाळते. काही आम्ले इतकी तीव्र असतात की ती कोणालाही, अगदी कार्बनच्या जाळीलाही, प्रोटॉन देऊ पाहतात. अशा अतितीव्र आम्लांपैकी क्लोरोसल्फॉनिक आम्लात नलिका टाकल्या की जाळीवर थोडा थोडा धनप्रभार येतो. सगळ्याच नलिका धनप्रभारित झाल्याने त्या एकमेकींना दूर सारतात. श्राव्यातीत ध्वनी लागत नाही, साबण लागत नाही, दोर आपोआप सुटतात. राइसच्या मात्तेओ पास्क्वाली यांच्या गटाने २००९ साली हे खरे, समतोल द्रावण असल्याचे दाखवले. प्रमाण वाढवत नेले तर काठ्या आपोआप एका दिशेने रांगेत लागतात आणि द्रवस्फटिक बनतो. बुलेटप्रूफ जाकिटाचे ॲरॅमिड धागे संहत सल्फ्युरिक आम्लातल्या अशाच द्रवस्फटिकातून काढतात. त्याच वाटेने जाऊन २०१३ साली नॅनोनलिकांचे बळकट आणि उत्तम वीजवाहक धागे काढण्यात आले.

आम्ल धुऊन काढले की प्रभारही जातो आणि भिंत पहिल्यासारखीच उरते. अडचण एवढीच, की क्लोरोसल्फॉनिक आम्लाचा पाण्याशी स्फोटासारखा संयोग होतो आणि ते त्वचेला, कपड्यांना, बहुतेक प्लास्टिकला खाऊन टाकते. रोजच्या वापराचे द्रावक ते कधीच होणार नाही. अल्कली धातूने नलिकांना उलट ऋणप्रभार देऊन विरघळवण्याची रीतही २००५ साली फ्रान्समध्ये निघाली. तीही हवेपासून आणि पाण्यापासून दूर राहूनच करावी लागते.

तेव्हा आज कामाप्रमाणे रीत निवडली जाते. लिथियम बॅटरीत वीज वाहून नेण्यासाठी बहुपदरी नलिका घालतात, त्यांची द्रावकात कालवलेली लापशीच कारखान्यांना पुरवली जाते. तेथे खरे द्रावण असण्याची गरज पडत नाही. शरीरात औषध पोहोचवण्यासाठी मात्र शेपटीच हवी. इटलीतील मॉरित्सिओ प्रातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेपट्या लावून पाण्यात विरघळवलेल्या नलिका उंदरांच्या रक्तात सोडल्या, तेव्हा त्या काही तासांत लघवीवाटे बाहेर पडल्या, असे २००६ साली प्रसिद्ध झाले. याउलट २००८ साली एडिंबरो येथील संशोधकांना आढळले की लांब, ताठ बहुपदरी नलिका उंदरांच्या पोटाच्या पोकळीत ॲस्बेस्टॉससारखा दाह निर्माण करतात; आखूड किंवा गुंतलेल्या नलिकांनी तसा दाह झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ साली अशा एका ताठ बहुपदरी प्रकाराला माणसांत कर्करोग होण्याची शक्यता असणाऱ्या पदार्थांच्या गटात घातले.

म्हणून नॅनोनलिकांची कोरडी पूड मागवून वर्गात प्रयोग करण्याच्या भरीस कोणी पडू नये. तिचे कण हवेत उडतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक आपल्याला पुरेसा आहे. घोटलेल्या काजळीत थोडे पाणी घालून दोन नळ्या भराव्यात. एकीत चमचाभर मीठ टाकावे, दुसरी तशीच ठेवावी आणि दोन्हींवर आठवडाभर नजर ठेवावी. मग डिंकाऐवजी साबणाचे पाणी घेऊन तोच प्रयोग मिठासह पुन्हा करावा. कोणती नळी आधी निवळते आणि का, याचे उत्तर मुलांनी आधी वहीत लिहावे आणि मग नळ्यांकडे पाहावे.